परत न आलेली एकेचाळीस पुस्तकं

तेल्हारा, ९ ऑक्टोबर २००६

अनीसा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच चुलीत घालशील, अशी मला निम्मी खात्री आहे. उरलेल्या निम्म्याच्या भरवशावर लिहिते आहे. तुमच्या धारणीच्या आश्रमशाळेत फोन चालू असला तर असतो, असं ऐकलं. शिवाय माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास, तर मला दुसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नसती. पत्राचं बरं असतं. तू कितव्या ओळीवर थांबलीस ते मला कळणार नाही.

सात वर्षं झाली तुला आपलं कॉलेज सोडून. तुझ्या जागेवर अजून कोणी आलं नाही. मीच ग्रंथपाल, मीच सहायक, मीच झाडू मारणारी.

काम सांगते. परवा प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "तायडे बाई, पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येऊन राहिली. ग्रंथालयातून एक तरी निबंध पाह्यजे. पुढच्या महिन्यात अकोल्याले ग्रंथपालांची परिषद हाय. जा."

म्हटलं, "सर, एकवीस वर्षं नोकरी केली, एक परिषद पाह्यली नाई म्या."

"मंग पाहून घ्या," म्हणाले, आणि खाली मान घालून सह्या करायला लागले.

तुला हसू येत असेल. परिषद म्हणजे दोन दिवसांचे गुलाबजाम आणि एक पिशवी, असं मीच म्हणायची ना? तू चिडायचीस. आता मला अडीचशे शब्दांचा सारांश लिहायचा आहे आणि दोन दिवसांत सात शब्द झाले आहेत. त्यात माझं नाव धरलं आहे. नागपूरच्या परिषदेचा तुझा अर्ज तेव्हा ऑफिसात गहाळ झाला, ते वाईटच झालं. पण सारांश तू फार देखणा लिहिला होतास. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतंस की प्रश्न काय आहे. तसं कसं जमवायचं, एवढंच दोन ओळींत कळव.

विषयसुद्धा सुचत नाही गं. एकच गोष्ट सध्या डोक्यात आहे. गेल्या वर्षभरात एकेचाळीस पुस्तकं परत आलेली नाहीत. एवढी कधी अडकली नव्हती. स्मरणपत्रं पाठवली, एकाचं उत्तर नाही. आता स्वतःच गावोगाव जाऊन घेऊन येते.

शकुन


तेल्हारा, २ नोव्हेंबर २००६

अनीसा,

तुझं उत्तर आलं नाही. नको देऊस. पण मला जे सापडलं आहे ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि पुस्तकांचं सांगायचं तर तुझ्याशिवाय कोण आहे मला?

दिवाळीच्या सुट्टीत मी चौदा गावं फिरले. कुठं एसटीनं, कुठं जीपमध्ये दाटीवाटीनं, कुठं चालत. पिशवीत यादी आणि रिकामी पोती. पोती भरून पुस्तकं आणायची, असा थाट. पहिल्या दिवशी तर मी जप्तीला निघाल्यासारखी तणतणत गेले.

नऊ घरांना कुलूप. शेजारी म्हणाले, सुरतेला गेले, पुण्याला गेले, माहीत नाही. एका घरी ओसरीवर हार घातलेला फोटो होता, हार अजून नवा होता. आमच्या विद्यार्थ्याचे वडील. मी पाणी प्यायले, पुस्तकाचं नावच काढलं नाही.

मग रुख्मिणीचं घर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. राज्यशास्त्राचा पहिला भाग तिच्याकडे. यंदा कॉलेज सोडवून तिला कापूस वेचायला लावलं आहे. ती शेतात होती, घरी तिची आई पार्बताबाई. मी पुस्तकाचं विचारलं, तशी ती फळीवरून एक गाठोडं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं पुस्तक. एका पानालाही दुमड नव्हती.

मी हात पुढे केला. तिनं दिलं नाही.

"बाई, एक सांगू? नेऊ नका."

"काहून? पोरगी तं कॉलेजात येत नाई आता."

"म्हनूनच म्हन्ते. हे पुस्तक घरात हाय तवर माह्या पोरीचं नाव तुमच्या कालेजात हाय. तुमी नेलं का सुटलं मंग सारंच."

अनीसा, एकवीस वर्षं मी रजिस्टरात तांबड्या शाईनं 'थकीत' लिहीत आले. त्या बाईनं दोन वाक्यांत माझं रजिस्टर उलटं करून माझ्या हातात दिलं.

मी पुस्तक तिथंच ठेवलं. मग पुढच्या घरांत नुसतं विचारत गेले: पुस्तक कुठं ठेवलं आहे, का ठेवलं आहे? कोणाचं धान्याच्या कोठीवर, कोणाचं बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, एकाचं तर बहिणीच्या लग्नाच्या शालूबरोबर ट्रंकेत. एकानंही रद्दीत घातलं नव्हतं. चार पुस्तकं तेवढी पावसात भिजून गेली होती आणि ते सांगताना लोक असे बोलत होते की जसं घरातलं ढोर मेलं.

पोती रिकामी घेऊन आले आणि त्याच दिवशी बसून सारांश लिहिला. दीड तासात! पहिल्या वाक्यात प्रश्न. तुझ्यासारखा.

स्वीकारला त्यांनी! अठरा तारखेला वाचायचा आहे. दहा मिनिटं. मी रोज पार्बताबाईचं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहते आणि दर वेळी माझा आवाज चिरकतो.

शकुन


अकोला, १९ नोव्हेंबर २००६, सकाळी

अनीसा, अनीसा!

परिषदेनं दिलेल्या वहीचीच पानं फाडून लिहिते आहे. वसतिगृहाच्या पायरीवर बसले आहे, समोर पोहे आहेत, ते गार झाले तरी चालतील.

काल सकाळी नोंदणीच्या टेबलावर एका मुलीनं माझ्या गळ्यात पट्टी घातली. तिच्यावर छापलेलं: 'शकुन तायडे, ग्रंथपाल, तेल्हारा.' छापलेलं! आपल्या कॉलेजात मी अजून 'लायब्ररीवाली बाई' आहे. मागच्या साली कर्मचाऱ्यांचा फोटो काढला, तेव्हा मला बोलवायचं विसरले होते. इथं दीडशे माणसं, आणि सगळी लायब्ररीवालीच!

चहाच्या वेळी कोणी तरी म्हणालं, "आमच्याकडे पोरं येतात अन् म्हणतात, मॅडम, ते लाल पुस्तक द्या, इतकं जाड, मागच्या वर्षी इथंच होतं." सारं टेबल हसत सुटलं. मी तर इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटायचं हे लाल पुस्तक फक्त माझ्याच नशिबी आहे!

जेवताना शेजारी अंजनगाव सुर्जीच्या कॉलेजचे ग्रंथपाल बसले होते. अब्दुल रहीम नाव, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. वाढपी वरण घेऊन उभा, आणि हे मला विचारतात, "मॅडम, पानपिंपरीचं पुस्तक तुम्ही शेतीत ठेवता का औषधात?"

मी म्हटलं, "औषधात."

"गलत! लावणारा शेतकरी कुठं शोधेल?"

"आणि वैद्य कुठं शोधेल?"

पाऊण तास भांडलो आम्ही. वर्धेच्या एक बाई त्यात पडल्या, यवतमाळचे दोघं पडले. शेवटी ठरलं की पुस्तक एकीकडे ठेवायचं आणि दुसऱ्या ठिकाणी पुस्तकांच्या तालिकेत तशी चिठ्ठी लावायची. हे उत्तर मला माहीत होतं, तुलाही माहीत आहे. पण एकवीस वर्षांत त्यासाठी माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं गं! तुझ्यानंतर कोणीच नाही.

दुपारी अडीचला माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि वीज गेली. लोडशेडिंग! माईक मुका, पंखे बंद. अध्यक्षस्थानी एक जाड चष्म्याचे प्राध्यापक होते, ते म्हणाले, "थांबायचं का?" मी म्हटलं, "नाही सर, माझ्या ग्रंथालयात अशीच वीज नसते." आणि मी वाचनकक्षाच्या मागच्या बाकावरच्या पोरांना दटावते त्या आवाजात सुरू केलं. कागद खाली ठेवला. चौदा गावं सांगितली. फळी, कोठी, ट्रंक सांगितली. पार्बताबाईचं वाक्य तिच्याच बोलीत म्हटलं. आवाज चिरकला नाही.

संपल्यावर चष्मेवाले सर म्हणाले, "तायडे मॅडम, हृदयस्पर्शी आहे. पण हा अनुभव झाला. संशोधन कुठं आहे? निष्कर्ष काय?"

पण एकेचाळीस घरांची यादी तोंडपाठ होती ना! म्हटलं, "सर, एकेचाळीसपैकी नऊ घरं बंद होती, एका घरी विचारवलं नाही. उरलेल्या एकतीसमधली चार पुस्तकं पावसानं गेली. सत्तावीस जपून ठेवलेली आहेत, रद्दीत एकही नाही. निष्कर्ष असा की आमचं रजिस्टर ज्याले थकीत म्हणते, त्याले घरचे लोक चालू म्हणतात. चूक आमच्या रकान्यात हाय."

बोलीतच निघालं ते. सर म्हणाले, "हे वाक्य निबंधात काहून नाही?"

"आत्ताच सुचलं, सर."

काय टाळ्या पडल्या अनीसा! अब्दुल रहीम सर तर उभेच राहिले. नंतर सात जणांनी पत्ता घेतला. अमरावतीच्या कॉलेजचे ग्रंथपाल म्हणाले, फेब्रुवारीत आमच्याकडे परिषद आहे, तुमच्या ओळखीत कोणी वेगळं काम करणारं असेल तर नाव सुचवा. मला! नाव सुचवायला!

संध्याकाळी मी एकटीच गॅलरीत उभी राहिले. इतकी खूश होते की कोणाला मिठी मारू असं झालं होतं. आणि तेव्हाच मला कळलं की हे सगळं, हा दिवस, ही पट्टी, हे भांडण, हे मी तुझ्या हातून काढून घेतलं होतं.

आता लिहितेच. तुझा अर्ज ऑफिसात गहाळ झाला नाही. तो ऑफिसात गेलाच नाही. मी तो पुढे पाठवला नाही. तू पहिल्याच पत्रात ओळखलं असशील. गहाळ झालेल्या अर्जातला सारांश मला इतका पाठ कसा?

दुसऱ्या दिवसाची घंटा झाली. जाते.

शकुन


तेल्हारा, ६ डिसेंबर २००६

अनीसा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सात वर्षांनी एकच ओळ: 'अर्ज कोणत्या कपाटात होता?'

कपाटात नव्हता. देवघेवीच्या टेबलाच्या डाव्या खणात, कॅटलॉगच्या कोऱ्या कार्डांच्या, आपल्या तालिकापत्रांच्या, गठ्ठ्याखाली. तू रोज त्याच खणातून तालिकापत्रं काढायचीस. वरची वरची. मी रोज पाहायची आणि गठ्ठा कमी झाला की त्यावर नवा ठेवायची.

का, ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तो अर्ज माझ्याकडे सहीला आला, तेव्हा मी तुझा निबंध वाचला. चांगला होता. मला लिहिता आला नसता इतका. माझ्या हाताखालची मुलगी, जिला मी तालिकापत्र कसं लिहायचं ते शिकवलं, ती नागपूरला जाईल आणि परत येईल तेव्हा तिला कळेल की शकुनताईंना विशेष काही येत नाही. एवढंच होतं. मनात आधी आलं, उद्या पाठवू. मग परवा. मग तारीख टळली, आणि तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, ऑफिसात दिला होता. तू चंद्रभान क्लार्कशी भांडलीस, तुलाच मेमो मिळाला, तीन महिन्यांत तू गेलीस. मी निरोपाचा हारसुद्धा आणला होता.

चंद्रभान आता निवृत्त आहे. परवा त्याच्याकडे गेले आणि सांगितलं. तो सुपारी कातरत होता. म्हणाला, "बाई, मले तवाच वाटलं होतं. पन तुमी हार आनला तं म्या म्हटलं, नसन बा."

आता दुसरं. हे वाचून राग आला तर येऊ दे. अमरावतीच्या परिषदेला मी तुझं नाव दिलं आहे. तुला न विचारता. तिथले ग्रंथपाल तुला लिहितील. नाही म्हणायचं तर त्यांना म्हण, मला नको. भरपाई म्हणून दिलेलं नाही. धारणीच्या जीपवाल्याकडून कळलं की तू तिथं कोरकू म्हाताऱ्यांची काही तालिका करते आहेस. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. काय करते आहेस तू? कशी लावतेस?

इथं रोज काही ना काही घडतं आहे. अब्दुल रहीम सरांनी अंजनगावहून त्यांच्या दुबार प्रतींची यादी अदलाबदलीसाठी पाठवली, मी माझी पाठवली. प्राचार्यांशी दोन दिवस वाद घालून मी 'थकीत'चा रकाना बंद केला. नवीन रकान्याचं नाव 'घरी'. आणि ऐक, गेल्या सोमवारी वेचणीला सुट्टी होती म्हणून रुख्मिणी आली! पुस्तक धडप्यासकट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे वाचून झालं मॅडम. दुसरा भाग द्या." बाहेरून परीक्षेला बसणार आहे. मी दुसरा भाग शोधायला अशी धावले की शिडीवरून पडता पडता राहिले.

शेहेचाळीस वर्षांची बाई शिडीवर धावते आहे, अनीसा. परिषदेत काय मिळतं, असं आता कोणी मला विचारून पाहावं!

शकुन


तेल्हारा, १२ फेब्रुवारी २००७

अनीसा,

परवाच तर भेटलो, आता पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण व्यासपीठावरून तुला जे दिसलं नाही, ते तुला कोण सांगणार?

आधी तुझ्या येण्याचं. धारणीहून पहाटेची जीप, मग परतवाड्याहून एसटी, आणि अमरावतीच्या त्या मंडपात तू शिरलीस, तेव्हा घाटाची धूळ अजून ओढणीवर होती. मी चहाच्या टेबलाजवळ दोन्ही हातांत कप धरून उभी होते. कप खाली ठेवायचंही सुचलं नाही. तू सरळ माझ्यापुढे आलीस. 'मॅडम' म्हणालीस, 'ताई' नाही. ते लागलं मला. लागायलाच हवं होतं.

मी म्हटलं, "अनीसा, आज सगळ्यांच्या समोर उभी राहून मी सांगणार आहे, मी काय केलं ते."

तू काय म्हणालीस ते मी शब्दन्‌शब्द लिहून ठेवलं आहे. "खबरदार! हॉलमध्ये उभं राहून माफी-बिफी मागाल तं. मंग सारे लोक तुमच्याकडे पाहतील, तुमच्या मोठेपणाकडे. माही दहा मिनिटं माही हायेत, मॅडम. सात वर्षं तुमी ठेवून घेतली. आता त्यात तुमची वाटणी नाई."

मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. तोंड बंद ठेवून. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नव्हतं.

आता ऐक, मागून काय दिसलं. तू पहिलं तालिकापत्र वर धरून वाचलंस: 'श्रावण कासदेकर. विषय: मधमाश्या, मोहाची झाडं, पाण्याचे झरे. भाषा: कोरकू, थोडी हिंदी. कुठं भेटेल: संध्याकाळी नदीवर. कधी भेटणार नाही: मोहाच्या दिवसांत.' तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघी कुजबुजत होत्या, त्या थांबल्या. तू म्हणालीस, "आमच्या शाळेत पुस्तकं तीनशे अन् आजूबाजूले माणसं हजार. म्हणून मी माणसांची तालिका केली. पोरांले काही पाह्यजे असलं का पत्र पाहतात अन् त्या माणसाकडे जातात." मागे कोणी तरी मोठ्यानं "अरे वा!" केलं, ते अब्दुल रहीम सर. आणि तेच ते अकोल्याचे जाड चष्मेवाले सर, त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वहीचं पान उलटून पहिल्यापासून लिहायला घेतलं.

दोनशे बारा पत्रं, अनीसा! दोनशे बारा माणसं! एखादा म्हातारा वारला की त्याचं पत्र काढून टाकत नाहीस, त्यावर 'याच्याकडून कोण शिकलं' ते लिहितेस, असं तू सांगितलंस, तेव्हा माझ्या शेजारची अनोळखी बाई माझा हात घट्ट धरून बसली होती. तिला वाटलं असेल, मी तुझी नातेवाईक आहे.

प्रश्नोत्तरांत एकीनं विचारलं, "इतकी नेटकी तालिकापत्रं लिहायला कुठं शिकलात?" तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालीस, "तेल्हाऱ्याले. तिथल्या ग्रंथपाल फार कडक होत्या. एक स्वल्पविराम चुकला तरी पत्र फाडत." लोक हसले. तू खरं तेवढंच सांगितलंस, आणि पुढचं गिळलंस. तुझ्या दहा मिनिटांची तू मालकीण होतीस. मी टाळ्या इतक्या वाजवल्या की बसमध्ये दांडा धरताना तळवे दुखत होते.

मग संध्याकाळी राजापेठेपर्यंत आपण चालत गेलो. तू म्हणालीस, "माफ केलं असं समजू नका. थे माह्याच्यानं होईन का नाई, मले माहीत नाई." मी म्हटलं, बरं. आणि लगेच पुढच्या पावलाला तू म्हणालीस, "पन घरात ठेवलेली पुस्तकं अन् माणसांची पत्रं, हे एकच काम हाय. नाई का? दोन्हींत ग्रंथालय भिंतीबाहेर गेलं." मी रस्त्यातच थांबले. मागून येणारा सायकलवाला ओरडला. तिथून बसस्थानकापर्यंत आपण दोघी असं बोललो की तुझी परतवाड्याची बस लागल्याचं दोघींनाही कळलं नाही, ती सुटली, आणि तू माझ्यावरच ओरडलीस, "ताई, तुमच्यामुळं!"

ताई म्हणालीस. तुझ्या लक्षात आलं नसेल.

बसस्थानकावर आपण मिळून लिहायचं ठरवलेल्या निबंधाचा माझा अर्धा भाग सोबत आहे. मार्चअखेर पुढच्या परिषदेला पाठवायचा आहे, म्हणजे तुझा भाग मला तीन आठवड्यांत हवा. दुसऱ्या परिच्छेदात मी तुझ्याशी सहमत नाही. तिथं तू मला खोडून काढ, जमलं तर.

नावांचं तू म्हणालीस की वयानं आणि हुद्द्यानं माझं आधी यावं. त्यावर बसस्थानकावर मी काही बोलले नाही, आता बोलते. आपण ग्रंथपाल आहोत. आडनावानं, वर्णानुक्रमानं. काझी, अनीसा. त्याखाली तायडे, शकुन. पहिल्या पानावर तसं लिहून टाकलं आहे, शाईनं.

शकुन